आवाज साफ करणे

डिजिटल मीडिया, पहिलं सत्र.
ढोमणे सर म्हणाले, आधी नुसता गोंगाट निवडा,
सॉफ्टवेअरला त्याची ओळख पटवा,
मग तो सगळीकडून जाईल.

मी आईचं बोलणं नेलं होतं, दोन मिनिटं.
पाचपावलीची खोली, मे महिना,
उमरेडहून ती शिलाई मशीन
एसटीच्या टपावर टाकून आली, ती गोष्ट.
"काय टेप करून राहिली वं?"
इथून सुरू.
मागे कूलर. एक पातं सैल,
थोड्या थोड्या वेळानं खट्ट.

निवडलं. ओळख पटवली. काढलं.

कूलर गेला.
आई उरली, पण कुठलीच नसलेली,
बँकेतून फोन आल्यासारखी.
मधल्या जागा तेवढ्या उघड्या पडल्या.
मला वाटायचं, ती आठवायला थांबते.
ती तर खट्ट होऊन जाऊ द्यायची,
मग पुढचा शब्द.
इतक्या वर्षांत मला हे
ऐकूच आलं नव्हतं.

कंट्रोल झेड.

दहापैकी सहा.
शेरा : पार्श्वभूमीचा गोंगाट शिल्लक.
संध्याकाळी कूलरमध्ये पाइप सोडून
आईला वाचून दाखवला.
ती टाकीत वाकून पाणी बघत होती.
"मंग?" म्हणाली,
"उन्हाळा होता ना."