माणशी खर्च

मार्चअखेर बेळगावहून साहेब आले.
चष्मा कपाळावर, बोट रजिस्टरावर :
एष्टु? एका पेशंटला एष्टु?
मी आकडा सांगितला. निपाणी स्टँडवर
दोघांचा चहा, दोन प्लेट भजी, एवढाच.
साहेब खूश. जिल्ह्यात सगळ्यात स्वस्त आम्ही.

आमची खोली एक्स-रेच्या पलीकडं, जिन्याखाली.
दारावरची पाटी नुसती कन्नडमध्ये.
पाट्यांवरून डोकी फुटलेली बघत मी इथं वाढले,
पण हिच्याबद्दल कधी अर्ज केला नाही.
वखारीतल्या बायकांना ती वाचता येत नाही,
ते बरं आहे.
घरी सांगून येतात, डोळ्याचं औषध आणायला चाललोय.

त्यातलीच एक. नखांत तंबाखूचं पिवळं.
दसऱ्याआधी आली, नाव सांगितलं हौसाबाई.
संक्रांतीला फुलव्वा.
होळीच्या तोंडावर आली तेव्हा जरा थांबली,
भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, आणि म्हणाली, लक्ष्मी.
दुखणं तेच. पांढरा डबा तोच.
इंजेक्शन दुधासारखं, जाड, सावकाश जाणारं.
तिन्ही वेळा तिनं हूं की चूं केलं नाही.

रजिस्टरात तीन बायका बऱ्या झाल्या.
छेदात माणसं वाढली की उत्तर उतरतं,
हे आम्हाला सातवीत शिकवलं होतं.
श्रावणात तिचं सातव्या महिन्यातलं पोर गेलं
ते कुठल्या पानावर मांडायचं
हे नव्हतं शिकवलं.

नवरा गुंटूरच्या लाइनीवर.
त्यानं कागलला एक गॅरंटीवाला गाठलेला,
आठशेची बाटली, तीन बाटल्यांचा कोर्स.
दूधगंगा ओलांडली की राज्य दुसरं,
तिथं कोण ओळखतंय?
"त्येला सांगू कसं, बाई? उलट मलाच इचारंल,
तुला कुठनं लागलं."

मीच फोन लावला. तो तवंदी घाट उतरत होता.
म्हटलं, दोघांचं रक्त लागतंय, सरकारी नियम आहे.
आजाराला न भिणारा माणूस नियमाला भ्याला.
ट्रक चिकोडी रोडला लावून आला,
सुई बघून खुर्चीत बसला, घामाघूम.
एक इंजेक्शन, तेही त्याच डब्यातलं.
फोनचं रिचार्ज माझं. त्याचं बिल मी लावलं नाही,
कुठं लावतात ते माहीत नाही.

परवा गुरुवारच्या बाजारातनं ती आली,
पिशवीत मेथी. दुखत काही नव्हतं.
"माझं नाव चुकीचं पडलंय तुमच्यात.
सुगंधा लिवा. सुगंधा बाबू कमते."

पानाच्या वर छापलंय, खाडाखोड चालणार नाही.
आणि तीन खोडून एक केली
तर खर्च तिप्पट, साहेब परत बेळगावहून.
मी समासात लिहिलं, बारीक.

ती वाकून बघत होती.
"शिसपेन्सिल नको," म्हणाली,
"पेनानं लिवा."