अंतर

कर्कवॉलच्या इस्पितळात, वरच्या मजल्यावर,
भिंतीला निळ्या टेपनं मीटर आखलेत:
शून्य औषधांच्या कपाटापाशी, वीस खिडकीपाशी.
खिडकीतून बंदर दिसतं, वारा नसला तर.
वारा नसतो वर्षातून चार दिवस.

एडविन इसबिस्टर, वय एक्क्याऐंशी,
अर्धांगाचा सतरावा दिवस.
स्ट्रॉमनेसच्या शाळेत त्यांनी बेचाळीस वर्षं
मच्छीमारांच्या पोरांना व्याकरण शिकवलं.
आता उजवा पाय ऐकत नाही.
"मागच्या बाकावरचा," म्हणतात त्याला.

तक्ता मी भरते.
पहिल्या दिवशी लिहिलं: चालले, तीन मीटर.
त्यांनी चष्मा मागितला, वाचलं,
आणि डाव्या हातानं माझं क्रियापद खोडलं.
"चाललो कुठे, पोरी? शफल्ड.
शफल्ड थ्री मीटर्स. लिही."

मग अर्ध्या ओठांनी शिकवणी:
आमच्यात क्रियापद आणि अंतर
खांद्याला खांदा लावून बसतात,
मध्यस्थ लागत नाही.
पाऊल कसं पडलं, किती लांब पडलं,
एका दमात. लिम्प्ड अ माइल.
क्रॉल्ड टेन यार्ड्स.
धक्क्यावरून हेरिंगचं पिंप सुटलं,
रोल्ड सिक्स्टी फीट. संपलं वाक्य,
पिंप समुद्रात.

मी मनातल्या मनात आपल्याकडे वळवून पाहिलं.
'एक मैल लंगडला.'
कानाला खडा लागला.
आपल्याकडे लंगडणाऱ्याला सोबत लागते:
लंगडत गेला, घसटत आला,
पाय ओढत का होईना, निघाला.
एकटं लंगडणं मैलभर टिकत नाही.

इंगा फ्लेट कमरेचा पट्टा धरून मागे असते.
ती तेरा वर्षांची असताना
ह्याच माणसानं तिला ह्याच धड्यात नापास केलं होतं.
ती मोठ्यानं मोजते. जरा जास्तच मोठ्यानं.
पाच. सात. मंगळवारी नऊ, लर्च्ड,
कारण भिंत दोनदा अंगावर आली.

मी एकदा विचारलं, अराइव्ड किती मीटर लिहू?
ते वर्गातल्यासारखे थांबले, साडेसहावर.
"काही क्रियापदांना अंतर देता येत नाही.
पोचला म्हणजे पोचला.
अराइव्ड फोर माइल्स लिहिणाऱ्याला
मी तासभर उभं करायचो."

अंतर देता येत नाही.
हे वाक्य माझ्या कानात वेगळंच वाजलं.
आमच्याकडे अंतर देतात तेव्हा
पट्टी लागत नाही, माणूस एकटा पडतो.

मेरन, त्यांची बायको, वेस्ट्रे बेटावरून येते,
मंगळवार-शुक्रवार, बोटीनं, दीड तास.
वीस मीटरच्या खुर्चीत बसून
पेपरमिंट चघळते, ओरडते:
"मी एवढा समुद्र उलट्या करत आले,
तुला कॉरिडॉर येववत नाही?"

शुक्रवारी वारा. बोट रद्द.
खुर्ची रिकामी.
ते तरीही उठले. पट्टा, इंगा, मोजणी.
चौदा. सोळा. अठरावर लाळ पुसली.
वीस.
खिडकीत फक्त पांढरं पाणी.

क्रियापद कोणतं, सर?
बराच वेळ बंदराकडे पाहिलं.
"वेन्ट," म्हणाले. "साधं वेन्ट पुरे."

मी लिहायला गेले आणि हात थबकला.
आमच्यात 'गेले' म्हणून नुसतं सोडलं
तर लोक पांढरे कपडे काढतात.
म्हणून वीस आधी लिहिले, ठळक,
दोनदा गिरवले,
मग त्याच्या मागे क्रियापद.

शनिवारी मेरन आली. भिजलेली, चिडलेली.
तक्ता वाचला. "आणि परत?"
परतीचं कुणी मोजलंच नव्हतं.
चाकाच्या खुर्चीतून आणलं, म्हटलं मी.
"मग तेही लिही," ती म्हणाली,
"रोल्ड ट्वेन्टी मीटर्स.
पिंपासारखा."

इंगा हसली.
सरांनी डावा हात वर केला,
हजेरीला करतात तसा.