तेवीस किलो

चोडणच्या धक्क्यापासून चौथं दुकान शाणूचं.
पोती मोजायच्या त्याच्या काट्यावर
मी माझी बॅग ठेवली.
सव्वीस किलो सातशे.
विमानवाले तेवीस सोडतात.
शाणू चष्मा कपाळावर सारून म्हणाला,
"सिस्टर, देवाचं वजन यात धरलंय, की वेगळं न्यायचं?"
मी हसले. उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

सिस्टर प्रॉस्पेरा एकतीस वर्षं मोझांबिकला होत्या.
आता कॉन्व्हेंटच्या पडवीत कुळीथ निवडतात;
हात थरथरतो, खडा सुटत नाही.
बॅग त्यांनीच उघडली.
प्रवचनांच्या दोन्ही वह्या बाहेर:
"पहिलं वर्ष तू बोलणारच नाहीस.
दोन वर्षांच्या पोरासारखी चुकशील, पोरं हसतील.
हसू दे. ओळख तिथूनच होते."
फ्रेममधला येशू बाहेर, काच होती म्हणून.
त्याच्या जागी मेणकापड, दाभण, जाड दोरा.
"दाढ दुखते का कुठली?
दुखत नसली तरी दाखवून घे.
तिथे डॉक्टर दोन दिवसांवर,
पूल वाहून गेला तर देवाला माहीत."

म्हापशाला जाऊन मी दाढ काढून आले.
जिभेला ती पोकळी अजून सापडते,
मिस्सेत, नेमकी 'आमेन' म्हणताना.

"'देव' हा शब्द मागाहून शीक," त्या म्हणाल्या,
"आधी 'ताप' शीक, 'पाणी', 'कुठे दुखतं',
आणि 'मला माहीत नाही'.
ते शेवटचं रोज लागेल."
मग कुळथाचं सूप बाजूला ठेवून, हळू आवाजात:
"गरिबीचा राग येईल असं वाटतं ना तुला?
राग येईल तो सोबतच्या सिस्टरच्या
जेवताना होणाऱ्या मचमच आवाजाचा.
आणि एखाद्या पावसाळ्यात प्रार्थना बंद पडेल.
गुडघे मात्र टेकत राहा. गुडघ्यांना सांगू नकोस."

त्यांची माय वारली एका मंगळवारी.
पत्र पोचलं सांजांवच्या फेस्ताला.
मधल्या त्या चाळीस दिवसांत
आपण किती वेळा हसलो,
ते त्या अजून मोजतात.

मदर प्रोव्हिन्शियलनी दिलेल्या फॉर्मात
रक्तगट आहे, पिवळ्या तापाची लस आहे,
आणि तळाशी एक रकाना:
मृत्यू आल्यास दफन कुठे. तिथे, की इथे.
तो कोरा ठेवून मी घरी आले.
माय चिंच फोडत होती.
वाचून दाखवलं, म्हटलं सहज विचारतेय.
चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला;
बराच वेळ ती बोलली नाही.
मग म्हणाली,
"आमच्या इगर्जीमागची जमीन सगळी जांभा दगड.
तुझ्या पायच्या वेळी दोन कुदळी मोडल्या.
तिथली माती कशी असते, विचारून घे."

परवापासून तिने सवय सुरू केलीय.
रात्री रुझारीला माझ्या वाट्याचं दहक
ती स्वतःच म्हणून टाकते,
मी शेजारी बसलेली असताना.
मी मध्ये शब्द घातला तर थांबत नाही.

आज पुन्हा काट्यावर: तेवीस किलो तीनशे.
शाणू म्हणाला, "तीनशे ग्रॅम माझ्यावर सोड."
पण मायने दिलेली पऱ्याची बाटली
मी काढली. वासानेच विमानतळावर पकडले असते.
ती तिने काही न बोलता पदरात घेतली,
जसं कोणी आजाऱ्याचं उरलेलं जेवण परत नेतं.

संध्याकाळी रायबंदरला लसीचा दाखला आणायला निघाले.
फेरीवरचा पिएदाद साखळी लावता लावता
रोजच्यासारखाच ओरडला:
"सिस्टर, परतीला शेवटची फेरी पावणेबाराची, ध्यानात आहे ना?"
मी मान हलवली.
आज ते खरं होतं.
गुरुवारीही तो हेच विचारणार,
आणि मला वाटतं, सवयीने,
मी गुरुवारीही मान हलवीन.