किल्ली समोरच्या घरी

चर्चच्या दारावर चार टाचण्यांनी एक कागद:
किल्ली समोरच्या घरी. निळ्या झडपा.
कुत्रा बहिरा आहे, जोरात वाजवा.

वाजवलं. यूज्येनी ब्रोसार पिठाचे हात पुसत आली,
आधी माझ्या सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"मागच्या चाकात हवा कमी आहे," म्हणाली
आणि खुंटीवरची किल्ली काढून दिली:
वीतभर लोखंड, दाते झिजलेले,
कडीला बुटाची नाडी.

आत गारवा. तळघरातल्या बटाट्यांना असतो तसा वास.
भिंतीवर कुणीतरी कधीकाळी
पापपुण्याचा तराजू रंगवलाय,
आणि मापात मारणाऱ्या दुकानदारासारखा सैतान
एका पारड्याला हळूच बोट लावतोय.
तेवढं बोट सोडून बाकी सैतान ओलीनं खाल्ला.
मी बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले.
मग बाहेर ऊन, उन्हात सायकल,
आणि मी निघाले.

ही वाट पूर्वी आगगाडीची होती.
म्हणून चढ नाही, वळणंही ऐसपैस,
इंजिनाला दम लागू नये अशा बेताने कापलेली जमीन.
रूळ गेले, खडी गेली,
फाटकवाल्यांची घरं तेवढी राहिली, प्रत्येकावर नंबर:
सदतीस, अडतीस.
एकोणचाळीसमध्ये आता कोंबड्या.
ब्लॅकबेरीच्या जाळ्या, मग मका, मग पुन्हा मका.
हँडलला कोबीची पिशवी अडकवलेला एक म्हातारा
समोरून येतो, "बोंझूर" म्हणतो,
ते मला तो मागे गेल्यावर ऐकू येतं.

शातो अठरा किलोमीटरवर.
दुरून बुरूज चार. जवळ गेल्यावर तीन,
चौथी पाण्याची टाकी.
मालक गोतिए स्वतःच तिकीट फाडतो:
"स्वयंपाकघर बघू नका, तिथे मी राहतो."
खोल्या एकोणीस, बादल्या सतरा.
"ही आजोबांच्या वेळची गळती," तो ओळख करून देतो,
"ही माझी."
पाण्याच्या बाटलीसाठी नाणं शोधायला
खिशात हात घातला
आणि हाताला लोखंड लागलं.

गोतिएने किल्ली उजेडात धरून पाहिली.
"माझ्या कुठल्याच दाराची नाही," म्हणाला,
जरा दुःखानेच.

अठरा किलोमीटर परत.
चढ नसलेल्या वाटेला आता चढ होता.
माफीची वाक्यं जुळवत होते, व्याकरणासकट,
तेवढ्यात कोंबड्यांच्या फाटकाशी चाक बसलं.
मागचंच.
उरलेली वाट सायकल ढकलत.

पोचले तेव्हा दिवेलागण झालेली.
निळ्या झडपा मिटलेल्या, एक फट सोडून.
यूज्येनी फटीपाशी, दिवा न लावता.
"हळू," म्हणाली. "तो आत आहे."

तो म्हणजे फुल्बेर, पलीकडच्या घरातला.
बांधावरच्या अक्रोडावरून दोघांचा अबोला,
बावीस वर्षं. अक्रोडही आता नाही.
त्याच्या बायकोला याच चर्चमधून नेली,
त्यानंतर त्याने इथे पाऊल ठेवलं नाही.
किल्ली मागायची तर बोलावं लागलं असतं.
"आणि मी नेऊन दिली असती," ती म्हणाली,
"तर मलाही."

आज दुपारी दार नुसतं लोटलेलं.
तो पत्र टाकायला चालला होता. थांबला.
टोपी काढली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं,
आत गेला.
"साडेतीनला," ती म्हणाली. "आता पावणेनऊ."

मी किल्ली पुढे केली.
तिने ती खुंटीला लावली नाही.
मांडीवर घेऊन नाडीची गाठ सोडली,
बांधली, पुन्हा सोडली.
समोर दाराखालून मेणबत्तीची एक रेघ
पायरीपर्यंत आली होती.
बहिऱ्या कुत्र्याने उगीचच कान टवकारले.

"पंप शेडमध्ये आहे," ती म्हणाली.
"आवाज न करता भर."