मुर्दाडशिंग

तासगावात माझ्या पार्लरमध्ये
आरशामागे अब्बांची पत्र्याची पेटी आहे.
आत सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळाची चेपलेली डबी
आणि सहाणेवर झिजून झिजून
खारकेएवढा उरलेला मुर्दाडशिंगाचा खडा.

जत्रेच्या रात्री, गॅसबत्तीच्या सुंकारात
अब्बा याच खड्याने
कवठ्याच्या बाळू साळुंख्याची द्रौपदी करायचे.
आधी दाढीची हिरवट सावली मिटवायची,
मग भुवई, एका दमात,
मग ओठाखाली तीळ.
म्हणायचे, "तीळ लागला की
बाळू मान आपोआप तिरकी धरतो."

पुढे हात थरथरू लागला.
चहा बशीत कमी, सदऱ्यावर जास्त.
भुवई मात्र सरळच यायची.
मिरजेच्या डॉक्टरांनी
हिरड्यांवरची निळी रेघ बघून विचारलं,
"शिशाच्या कारखान्यात होता का?"
"छे," अब्बा म्हणाले, "मी तोंडं रंगवतो."

तेव्हापासून प्रत्येक ट्यूबच्या पाठीवरची
मुंगीएवढी अक्षरं मी चष्मा लावून वाचते.
गिऱ्हाइकं हसतात. हसू देत.

परवा बाळूकाका आले,
बायकांचं पार्लर, म्हणून भर दुपारी, गर्दी नसताना.
नातीचं लग्न, केस काळे करायचे होते.
खुर्चीत बसले. आरशात बघत राहिले.
मी रंग कालवायला घेतला
तर त्यांनी ओठाखाली बोट टेकवलं,
काही न बोलता.

मी पेन्सिल उचलली.
टेकायच्या आधीच
मान तिरकी झाली.