शेजार लागला की

परळला, दुसऱ्या मजल्यावर, मी मेणाचे ठोकळे कापते.
चार मायक्रॉन. कांद्याचा पापुद्रा त्यापुढे गोधडी.
काप कोमट पाण्यावर सोडायचा,
आधी सुरकुततो, मग हळूहळू अंग सैल करतो.
त्या वेळी बोलायचं नाही.
श्वाससुद्धा तोंड बाजूला करून.

हे शिकवलं फिलोमिना डाबरेबाईंनी.
वसईहून यायच्या, डब्यात सुके बोंबील,
झायलीनच्या वासातही त्यांना भूक लागायची.
एकदा सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला,
"बघ गो, ही बाई एकाची दोन व्हायला निघालीय."

जांभळ्या दाटीत एक पेशी
सगळं आवरून तयार.
गुणसूत्रं मधोमध ओळीत,
दोन टोकांकडून दोर आलेले.
"मग थांबलीय कशाला?"
(थांबली कसली, फॉर्मालिनमध्ये मेली होती,
पण मला ती थांबलेलीच वाटली.)
"एखादीचा दोर लागला नसेल," बाई म्हणाल्या.
"शेहेचाळिसांतली एक राहिली तरी सगळ्या थांबतात.
कोणी म्हणत नाही, चला, ती येईल मागनं."

रात्री जेवताना हेच सांगत बसले.
नवरा म्हणाला, आमच्या सोसायटीत हेच चाललंय,
चव्वेचाळीस सह्या झाल्या,
तळमजल्यावरचे वेंगुर्लेकर सही करत नाहीत.
मी म्हटलं, तसं नाही ते.
मग पुढे काय म्हणावं सुचेना, भात वाढला.

तसं नाही ते.
वाढायच्या आधीही तिला विचारलं जातं.
पोटाला पुरेसं आहे का, कोणी वाढ म्हणालंय का.
सहाशे कोटी अक्षरांची नक्कल उतरवलीस,
कुठे काना राहिला का, वेलांटी चुकली का?
चुकली असेल तर बस, दुरुस्त कर.
नाहीच जमलं
तर आपला दिवा आपण मालव,
शेजारी धूर जाऊ न देता.
माझ्यात रोज अशा किती मालवतात,
मला एकीचंही सुतक नाही.

मंगळवारी पातं अंगठ्यात गेलं.
एवढं धारदार की दुखणं रक्तानंतर आलं.
चिकटपट्टी लावली, उरलेले काप घेतले.
त्यातला एक ठोकळा ४४१७.
स्त्री, वय सव्वीस. नाव माझ्यापर्यंत येत नाही.

मोजायचं काम डॉक्टर बिलिमोरियांचं.
पण काचेवर लेबल लावण्याआधी मी डोकावते,
बाईंची सवय.
पहिल्याच नजरेत तीन. काच जरा सरकवली, आणखी पाच.
एकीचे दोर तीन टोकांना,
गुणसूत्रं वाटेल तशी विखुरलेली,
आणि तरी ती निघाली होती.
कोणी कोणासाठी थांबलं नव्हतं.
एकमेकींवर चढल्या होत्या, पाय ठेवायला जागा नसताना
आणि राग मला येईना.
त्याही कधीतरी शहाण्याच होत्या,
विचारणारं कोणी एक दिवस गप्प झालं, एवढंच.

डाबरेबाई असत्या तर काहीतरी बोलल्या असत्या.
त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या.
फोन करावा म्हटलं. केला नाही.

दुसऱ्या आठवड्यात पट्टी सोडली.
जखमेच्या दोन्ही काठांवरच्या
वर्षानुवर्षं निवांत बसलेल्या पेशी
जागा रिकामी झाली म्हणून उठल्या होत्या,
दोन झाल्या, चार झाल्या,
मधल्या ओढ्यात उतरल्या,
आणि पलीकडून येणारीचा खांदा लागला
तशा थांबल्या.
बस. तेवढंच.
मी कुणाला पुरे म्हटलं नव्हतं.
मी तर झोपले होते, डाळ निवडत होते,
वेंगुर्लेकरांच्या दारावरून जात होते.

एक बारीक पांढरी रेघ राहिलीय, ठशाच्या वळ्यांना आडवी.
हजेरीचं यंत्र अजून अंगठा ओळखत नाही.
सकाळी तीनदा लाल दिवा,
मागे रांग, वॉचमन हसतो,
मग मी दुसरं बोट लावते.

४४१७चा अहवाल वर गेलाय.