न सांगता आलेली दाढ

शाळेतून कागद आला होता, पंचवीस दिवसांपूर्वी.
दंततपासणी, मोफत. खाली पालकांची सही.
एकच शब्द अडला: सीलंट.
रेश्माने विचारलं, करायची ना?
मी म्हटलं, दुखत नाही, किडलेलं नाही,
आणि दुधाचे दात, ते पडणारच.
कागद लाइटबिलाखाली गेला.
डॉक्टरांची गाडी शाळेत आली आणि गेली.

आज डिचोलीच्या आरोग्य केंद्रात
तन्वेश आ करून बसलाय.
बाई आरसा धरून मला जवळ बोलावतात:
"बघा. ही दुधाची नव्हे."
सगळ्यात मागे, वर दोन, खाली दोन,
कुठलाही दात न पाडता आलेल्या.
ना रक्त, ना रडणं,
ना कौलांवर फेकायला काही.
जन्मभराच्या दाढा
सहाव्या वर्षी मागच्या दाराने येऊन बसल्या
आणि घरात कुणाला पत्ता नाही.

त्यांच्या माथ्यावर खोल चिरा.
जत्रेचं खाजें तिथे जाऊन बसतं,
ब्रशचा केस पोचत नाही.
"ह्या आधीच बुजवायच्या, एवढंच.
सुई नाही, भोक पाडणं नाही."

रेश्मा माझ्याकडे बघते. बोलत नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

मी होड्यांचं काम करतो, नार्व्याच्या काठावर.
उपड्या होड्या, फळ्यांच्या सांध्यांत
कापूस, राळ,
वरून काजूच्या टरफलांचं तेल.
पाणी आत शिरलं की मग ये,
असं एकाही गिऱ्हाइकाला मी सांगितलेलं नाही.
उशीर केला म्हणून रुझारला तर
चारचौघांत शिव्या घातल्या होत्या.

तीन दाढा वाळवल्या, पांढरं काहीतरी लावलं,
त्यावर निळा उजेड धरला.
तन्वेश पाय हलवत होता.
चौथीत, खाली डावीकडे, तपकिरी रेघ,
टोक केलेल्या पेन्सिलीने ओढावी तशी.
"ही भरावी लागेल," बाई म्हणाल्या, आवाज न चढवता.
मी विचारलं, महिनाभर आधी आलो असतो तर?
"सांगता येत नाही," म्हणाल्या,
आणि हातमोजे काढले.

स्कूटरवर पुढे उभा राहून तो विचारतो,
बाबा, तुझी तिथली दाढ कुठे गेली?
म्हापशाला काढली, मी म्हटलं, नववीत असताना.
तेव्हापासून उजव्या बाजूनेच जेवतो.
मला वाटायचं,
सगळेच तसे जेवतात.